आधी ‘नाही’ म्हणायला शीक

अगं, ट्रकच्या लायसन्सचं बघू आपण, पण त्याआधी एक ऐक. ‘सगळ्यांना करून दाखवते’ असं परवा फोनवर सारखं म्हणत होतीस ना, ते डोक्यातून काढ. करून दाखवायला निघालेल्या बाईला कुणालाच नाही म्हणता येत नाही. मालक म्हणतो अजून वीस गोण्या बसतील, ती बसवते. व्यापारी म्हणतो पहाटे चारला वाशीला गाडी लागलीच पाहिजे, ती डोळे चोळत निघते. क्लीनर म्हणतो ताई, घाटात न्यूट्रल मारा, डिझेल वाचतं. ती तेही ऐकते. का, तर ‘बाई घाबरली’ असं कुणी म्हणू नये म्हणून. पुरुष ड्रायव्हर खुशाल सांगतो, ‘शेठ, झोप झालेली नाही, सकाळी निघतो,’ आणि कूस बदलून झोपतो. त्याच्यावरून कुणी समस्त पुरुषजातीचं माप काढत नाही. तुझ्यावरून बायकांचं काढतील. काढू देत.

आता कागदाचं. ट्रकच्या शिकाऊ लायसन्सला तुझं मोटारीचं लायसन्स किमान वर्षभर जुनं लागतं, वय 20 पूर्ण लागतं, शिवाय डॉक्टरचं सर्टिफिकेट. पक्क्या लायसन्सच्या वेळी ड्रायव्हिंग स्कूलचा दाखला मागतात. आठवी पासची अट 2019 मध्येच गेली, तेव्हा तुझ्या त्या मैत्रिणीलाही सांग, शाळा सुटली म्हणून अडत नाही. पण लगेच दहा चाकीच्या मागे लागू नकोस. नोव्हेंबर 2024 मध्ये सुप्रीम कोर्टाने निकाल दिलाय, 7,500 किलोपर्यंत एकूण वजनाची गाडी भाड्याची असली तरी हलक्या वाहनाच्या साध्या लायसन्सवर चालवता येते. म्हणजे पिकअप तू उद्यासुद्धा घेऊ शकतेस. पिंपळगाव बसवंतला टोमॅटोच्या हंगामात जा. क्रेट भरायचे, गर्दीत गाडी मागे घेऊन गाळ्याला लावायची, भाड्याची घासाघीस करायची, शिव्या एका कानाने ऐकून दुसऱ्याने सोडायच्या. वर्षभर हे केलंस की मोठ्या गाडीचं निम्मं शिकून झालेलं असेल. मनमाडच्या बाजूचे टँकर बघून हरखू नकोस. धोकादायक मालाला वेगळं प्रशिक्षण आणि लायसन्सवर वेगळी नोंद लागते, त्याला अवकाश आहे.

ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवतात ते रिकाम्या गाडीवर. भरलेली गाडी म्हणजे वेगळंच जनावर. म्हणून पक्कं लायसन्स हातात आल्यावरसुद्धा थोडे महिने एखाद्या शांत डोक्याच्या उस्तादाशेजारी बस. शांत डोक्याच्या म्हणतेय, वेगवान नव्हे.

कसारा घाटाचं नीट समजून घे, कारण आपल्या नाशिकच्या गाडीला तो सहसा चुकत नाही. इगतपुरीला घाटनदेवीला हात जोडायचे (सगळेच जोडतात, मीही जोडते) आणि गिअर खाली घ्यायचा. उतार सुरू झाल्यावर नाही, त्याच्या आधी. जुने लोक सांगतात, ज्या गिअरात घाट चढशील त्याच गिअरात उतर. इंजिनच गाडीला धरून ठेवतं, एक्झॉस्ट ब्रेक मदतीला असतो, आणि पायाचा ब्रेक खऱ्या गरजेसाठी थंड राहतो. सारखा ब्रेकवर पाय ठेवलास तर ड्रम तापतात, लायनर जळल्याचा वास केबिनमध्ये येतो, आणि पुढच्या वळणावर पॅडल पार खाली गेलं तरी गाडी ऐकत नाही. न्यूट्रल मारलं की इंजिनाची पकड सुटली. काही शहाणे तर इंजिनच बंद करतात. मग कॉम्प्रेसर थांबतो, टाकीत असेल तेवढ्याच हवेवर ब्रेक लागायचे. थोडे ब्रेक मारले की हवेचा काटा खाली येतो, बझर ओरडायला लागतो, आणि पॉवर स्टेअरिंग नसल्याने चाकं वळवायला दोन माणसांचं बळ लागतं. वाचलेलं डिझेल मालकाचं, जीव तुझा. मागचा हॉर्न मारतोय? मारू दे.

जून 2025 पासून समृद्धी महामार्ग पार आमण्यापर्यंत सुरू झालाय, इगतपुरीजवळ आठ किलोमीटरचा बोगदा आहे. घाट टळतो. पण टोल कोण भरणार ते निघण्याआधी मालकाकडून वदवून घे. आणि सरळसोट रस्त्यावर डोळा फार पटकन लागतो, तेव्हा जांभई आली की गाडी बाजूला.

वजनाचंही निघण्याआधीच बघ. साध्या सहा चाकीचं एकूण वजन मालासकट साडेअठरा टन, तुझ्या गाडीचं आरसी बुकात लिहिलेलं असतं. 2019 च्या दुरुस्तीनंतर कायद्यात जादा मालाला 20,000 रुपये दंड आहे, वर प्रत्येक जादा टनामागे 2,000. म्हणून वजनकाट्याची पावती घेतल्याशिवाय हलू नकोस. लासलगावहून कांदा भरलास तर ताडपत्री चारी बाजूंनी आवळू देऊ नकोस. कांद्याला हवा लागते. घामेजला की सडला, आणि उतरवताना व्यापारी तुझ्याच भाड्यातून कापायला बघतो.

आता ते, जे कुणी पुरुष उस्ताद तुला सांगणार नाही. पाणी पी. संडास कुठे मिळेल या भीतीने बायका दिवसभर तोंडाला पाणी लावत नाहीत, मग लघवीची जळजळ, ताप, औषधं. त्यापेक्षा रस्त्यावरचे चांगले पंप हेरून ठेव. पंपाच्या संडासाला कुलूप असेल तर मॅनेजरकडे जाऊन किल्ली माग, लाजत नाही, हक्काने. सोय ठेवणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. वर्तमानपत्रवाल्यांना ‘नारीशक्ती’ लिहायला आवडतं, त्या कुलपाबद्दल लिहायला मात्र जागा पुरत नाही. पाळीच्या दिवसांसाठी पॅड, जुने कागद, पाण्याचा कॅन, काळी पिशवी असं सगळं सीटमागच्या खणात कायम ठेव. ओढणी नको, घ्यायचीच असेल तर गाठ मारून कमरेला. चप्पल तर अजिबात नको, ती पॅडलखाली अडकते. सीट पुढे घेऊनही क्लच पुरता दाबता येत नसेल तर पाठीमागे कडक उशी घे. पाय पोचतोय असं मानून घेऊन चालत नाही.

मुक्काम उजेडात, पंपावर, इतर गाड्यांच्या रांगेत. दारं आतून लॉक, पडदा लावलेला, लोकेशन घरच्या एका माणसाकडे. तेल कंपन्यांनी काही पंपांवर ड्रायव्हरसाठी ‘अपना घर’ नावाची विश्रांतीची सोय केलीय. बायकांसाठी वेगळी खोली आहे का, हे आधी फोन करून विचार. नसली तर केबिन बरी. ढाब्यावर कुणी फार गोड बोलायला लागला तर उठून गाडीत ये, जेवण बांधून घे. 112 पोलिसांचा आणि 1033 राष्ट्रीय महामार्गाचा, हे नंबर तोंडपाठ असू देत. टायर बदलताना कुणी मदतीला आला तर बिनधास्त घे, तो कुणाला तुझ्या दुबळेपणाचा दाखला देत नसतो. आडगावच्या ट्रक टर्मिनलवर बघ, दांडगे दांडगे पुरुषही एकमेकांना हाक मारूनच स्टेपनी उतरवतात.

पैशाची बोली गाडीत बसण्याआधी. पगार किती, रोजचा भत्ता किती, आणि माल चढवण्या-उतरवण्याची वाराई कोणाच्या खिशातून, हे व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घे. तोंडी बोलीवर एका मालकाने माझा भत्ता बुडवलाय, मागायला गेले तर ‘ताई, घरच्यासारखं समजा’ म्हणाला. घरच्यासारखं समजायचं असेल तर भाऊबीजेला ये म्हणावं. लायसन्सचं मूळ कार्ड कुणाच्या ताब्यात देऊ नकोस, कोऱ्या कागदावर सही तर नाहीच.

सासूबाईंना पटत नाही म्हणतेस. त्यांना योगिता रघुवंशींचं सांग. आपल्या नंदुरबारच्या. वाणिज्य आणि कायदा शिकलेल्या, लग्न होऊन भोपाळला गेल्या, नवरा गेल्यावर दोन मुलांसाठी वकिलीपेक्षा ट्रकमध्ये लवकर पैसा मिळतो असा हिशोब करून स्टेअरिंग धरलं आणि देशभर माल वाहिला. मला त्यांचा तो हिशोबच आवडतो; जिद्द वगैरे शब्द नंतर लोकांनी लावले. 2023 मध्ये अर्चना अत्राम यांनी सासवड-नीरा एसटी चालवली, त्याच वर्षी आपल्या नाशिक-सिन्नर गाडीवरही बाई ड्रायव्हर आली. सासूबाई सिन्नरला एसटीनेच जातात ना? मग एखाद्या दिवशी त्यांनाच पुढच्या सीटवर बसव.

आणि हो, मंगळवारी सकाळी सातला आडगावला ये. माझी गाडी सर्व्हिसिंगहून आलेली असेल, रिकामीच आहे. ऑइल, कूलंट, टायरची हवा, एअर टँकमधलं पाणी काढणं, हे सगळं तुझ्या हातून करून घेणार आहे, स्टेअरिंगला त्यानंतर हात लावायचा. बूट घालून ये. नाष्टा करून ये, मी वाटेत थांबणार नाहीये. आणि मी काही सांगितलं आणि ते तुला पटलं नाही, तर तिथेच नाही म्हण, मला बरं वाटेल.