उबदार फरशीच्या पोटात काय असतं?



आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यात दुपारी थंडगार फरशीवर नुसतं आडवं पडलं तरी जीव सुखावतो. थंड देशांत नेमकं उलटं असतं. तिथे हिवाळ्यात फरशीवर अनवाणी पाय ठेवला की कळ डोक्यात जाते, म्हणून अनेक घरांत फरशीखालून गरम पाण्याच्या नळ्या फिरवतात. माझी धाकटी बहीण जर्मनीत राहते. गेल्या वर्षी तिने एक जुनं घर घेतलं आणि तळमजल्यावर अशी व्यवस्था करून घेतली. रोज व्हिडिओ कॉलवर काम बघताना माझ्या लक्षात आलं, की उष्णतेचा अख्खा धडा इथे जमिनीत पुरलेला आहे! तोच आज तुमच्यासमोर मांडते.

आधी एक प्रश्न मुलांना विचारा: "गरम नळी जमिनीत ठेवली, तर उष्णता कुठे जाईल?" बहुतेक मुलं म्हणतील, "वर!" कारण गरम हवा वर जाते हे त्यांनी वाचलेलं असतं. पण हवा वर जाते ती अभिसरणाने. घन पदार्थात उष्णतेचं वहन होतं, आणि वहनाला वर-खाली काही कळत नाही. जिकडे थंड, तिकडे उष्णता जाते. खालची माती थंड असेल तर उष्णता खुशाल खाली निघून जाईल आणि आपण पैसे भरून माती तापवत बसू. म्हणून नळ्या टाकण्याआधीची तयारी महत्त्वाची. ती क्रमाने पाहू.

१) मूळ जमीन तपासणे

जुनी फरशी काढल्यावर खालचा काँक्रीटचा थर उघडा पडतो. तो झाडून साफ करायचा, भेगा भरायच्या, सुटे तुकडे काढायचे. मग दोन मीटर लांबीची सरळ पट्टी सगळीकडे ठेवून उंचवटे आणि खड्डे शोधायचे. सपाटीचा एवढा हट्ट का? वर येणारे थर उंचवट्यावर डुगडुगले, तर त्यांच्याखाली पोकळी राहते आणि पुढे वजन पडलं की वरचा कोबा तडकतो. शिवाय कोबा कुठे जाड, कुठे पातळ झाला तर जमीन सगळीकडे सारखी तापत नाही.

२) ओल अडवणे

तळमजल्याला मातीतून ओल चढते. पावसाळ्यात कोकणातल्या घरांना हे वेगळं सांगायला नको! म्हणून काँक्रीटवर ओल अडवणारा थर देतात, उदाहरणार्थ जाड प्लास्टिकचा. सांधे एकमेकांवर चढवून चिकटवायचे आणि कडा भिंतीवर थोड्या वर घ्यायच्या.

३) उष्णता अडवणारा थर

इथे येतो आपल्या ओळखीचा थर्माकोल किंवा त्याच्यासारखे फोमचे कडक तक्ते. सारख्याच जाडीचा सिमेंटचा थर थर्माकोलपेक्षा साधारण तीसपट जास्त उष्णता वाहू देतो. म्हणजे नळीच्या वर सिमेंट आणि खाली थर्माकोल ठेवला, की उष्णतेला वरची वाट सोपी होते. तक्ते मात्र एकमेकांना घट्ट भिडवून बसवावे लागतात. फट राहिली तर ओलं सिमेंट तिच्यात शिरतं आणि तिथून उष्णतेला खाली जायला पूल तयार होतो.

४) भिंतीच्या कडेची पट्टी

खोलीच्या चारही भिंतींना लागून फोमची मऊ पट्टी लावतात. ही पट्टी पाहून भाचीने विचारलं, "मावशी, ही कशाला?" आम्ही दोघींनी मिळून गणित केलं. तापमान १ अंशाने वाढलं, की सिमेंट आपल्या लांबीच्या साधारण एक लक्षांशाने वाढतं. खोली ८ मीटर लांब आणि वाढ २० अंशांची, म्हणजे ८००० मिमी × २० ÷ १,००,००० = १.६ मिमी. दीड मिलिमीटर ऐकायला किरकोळ वाटतं, पण भिंतीशी घट्ट जखडलेला कोबा तेवढ्यानेही उचलला किंवा तडकू शकतो. रेल्वेच्या रुळांचं उदाहरण आपण नेहमी देतो, आता हेही द्या.

५) नळ्या आणि दाबाची परीक्षा

नळ्या बोटाएवढ्या जाडीच्या, प्लास्टिकच्या असतात. दोन नळ्यांत साधारण १० ते २० सेंटीमीटर अंतर ठेवून त्या नागमोडी किंवा शंखासारख्या फिरवतात. कोब्याखाली शक्यतो सांधा येऊ देत नाहीत. मग त्यांत पाणी भरून ४ ते ६ बार दाब देतात. ६ बार म्हणजे किती? सुमारे ६० मीटर उंचीवरच्या टाकीच्या पाण्याचा दाब! कोबा ओततानाही हा दाब तसाच ठेवतात. नळीला इजा झाली तर काटा लगेच खाली येतो आणि दुरुस्ती तेव्हाच करता येते. कोबा ओतण्याआधी नळ्यांचे फोटो, शेजारी मोजपट्टी ठेवून, काढून ठेवायचे. उद्या कुणी दार बसवायला जमिनीत ड्रिल घातलं तर?

६) कोबा आणि थांबणं

नळीच्या वर साधारण साडेचार सेंटीमीटर सिमेंट येईल असा कोबा ओततात. तो दोन-तीन दिवसांत चालण्याइतका घट्ट होतो. इथेच माणूस फसतो.

सिमेंटचा कोबा असेल तर निदान २१ दिवस गरम पाणी सोडायचं नाही. नंतरही आधी २५ अंशांच्या आसपासचं कोमट पाणी ३ दिवस, मग पूर्ण तापमानाचं निदान ४ दिवस. आणि एवढं करूनही आतली ओल गेली असेलच असं नाही. बहिणीला वर लाकडी जमीन हवी होती. भाड्याच्या घराची मुदत नोव्हेंबरअखेर संपत होती, सामानाची बांधाबांध झालेली. पण कारागिराने कोब्याचा तुकडा खोलवरून काढून तपासला, तर ओल २.६ टक्के निघाली. लाकूड बसवायला ती १.८ टक्क्यांपर्यंत उतरायला हवी. त्याने सरळ नकार दिला. बहीण रडकुंडीला आली. "ताई, वरून तर खडखडीत वाळलंय गं!" मलाही वाटलं, बसवून टाकावं. शेवटी ती थांबली. एका महिन्याचं जादा भाडं गेलं, पण ओल्या कोब्यावर लाकूड फुगून उठलं असतं तर सगळंच उखडावं लागलं असतं.

ही ओल मोजण्याची पद्धतही रसायनशास्त्राच्या शिक्षकांना आवडेल. कोब्याचा चुरा आणि कॅल्शियम कार्बाइड बंद बाटलीत हलवतात. ओलीशी क्रिया होऊन ॲसिटिलीन वायू तयार होतो. वायू जितका जास्त, तितका काट्यावर दाब जास्त. आंबे पिकवायला ज्यावर बंदी आहे तेच हे कार्बाइड. वर्गात मात्र हे करायचं नाही, फक्त सांगायचं.

वर्गात किंवा घरी करून पाहा

• दोन सारख्या पिशव्यांत मोठ्यांनी कोमट पाणी (५० अंशांपेक्षा कमी) भरून द्यावं. एक पिशवी थर्माकोलच्या तुकड्यावर, दुसरी थेट फरशीवर ठेवा. दोन्हींवर सारखे टॉवेल टाका. १५ मिनिटांनी दोन्हींचं तापमान मोजा. कोणतं पाणी लवकर निवलं? का?

• तळमजल्याच्या उघड्या कोब्यावर प्लास्टिकचा चौकोनी तुकडा चारही बाजूंनी चिकटवून २४ तास ठेवा. खालच्या बाजूला थेंब जमले का? वरून कोरडी दिसणारी जमीन आतून कोरडी आहे का?

• मुलांना विचारा: या सहा पायऱ्यांपैकी कोणती चूक नंतर सहज दुरुस्त करता येईल? माझ्या वर्गात यावर अर्धा तास वाद झाला. शेवटी एक मुलगी म्हणाली, "बाई, एकही नाही. सगळंच झाकलं जातंय ना!"

बहीण जानेवारीत राहायला गेली. बाहेर बर्फ, आणि भाची लाकडी जमिनीवर पालथी पडून गृहपाठ करत होती. राहत्या खोलीत फरशीचा पृष्ठभाग २९ अंशांच्या वर जाऊ द्यायचा नसतो, म्हणजे पायाला ती जेमतेम कोमट लागते. पण खोलीभर सगळीकडे सारखी.

हा पाठ तुमच्या वर्गात घेऊन पाहा. मुलांनी काय उत्तरं दिली, ते जरूर कळवा.