टोकन देण्याआधी

फ्लॅट तुला आवडलाय, हे फोनवर तुझ्या आवाजावरूनच कळलं मला. पूर्वेची बाल्कनी, ऐसपैस स्वयंपाकघर, ऑफिसही जवळ. तरीसुद्धा टोकन इतक्यात देऊ नकोस, राणी. तू घर पाहिलंस रविवारी सकाळी अकराला, एजंटाबरोबर, घाईघाईत. त्या वेळी बहुतेक घरं शांतच वाटतात. तुला तिथे रात्री झोपायचंय, पहाटे उठायचंय, तान्ह्या बाळाला दुपारी निजवायचंय. त्या वेळी वरच्या मजल्यावर काय चालतं हे एजंटाला विचारून कळणार नाही.

तेव्हा आधी शनिवारी रात्री जेवणं झाल्यावर जा. लिफ्ट घेऊ नकोस, जिन्याने चढ. सोसायटी कशी आहे ते जिन्यात कळतं. पॅसेजमध्ये चपलांची कपाटं कुठवर आलीत, कचऱ्याची पिशवी रात्रीच दाराबाहेर काढून ठेवलीय का, बंद दाराआडून टीव्ही किती ऐकू येतो, ते बघत बघत वर जा. एखाद्याने सगळ्यांच्या वाटेत आपलं कपाट ठेवणं हे तर दिसेलच कुठेतरी. पण ते वर्षानुवर्षं तिथेच असेल आणि कोणी काही बोललं नसेल, तर ती काळजीची गोष्ट. त्रास देणारा एखादा माणूस सगळीकडे असतो गं. त्याला समजुतीने आवरणारं कोणी त्या इमारतीत आहे का, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

आणि त्याच रात्री गच्चीवर किंवा बाल्कनीत पाच मिनिटं नुसती उभी राहा. तू बघतेयस तो भाग म्हात्रे पुलाजवळच्या डीपी रस्त्याला लागून आहे. तिथे ओळीने लग्नाची लॉन्स आहेत, आणि गणपतीच्या आधीचे काही आठवडे नदीकाठी ढोलताशा पथकांचा सराव चालतो. मलाही ढोल आवडतो, पण रोज संध्याकाळी बाळाच्या झोपेच्या वेळी तो खिडकीशी वाजणं वेगळं. कायदा काय म्हणतो तेही माहीत असू दे. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा 55 डेसिबल आणि रात्री 45. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर लावता येत नाही. सणासुदीला सरकार ही वेळ मध्यरात्रीपर्यंत वाढवू शकतं, पण तेही वर्षातून जास्तीत जास्त 15 दिवस. दहानंतर आवाज चालूच राहिला तर 112 ला फोन करता येतो. पण बाळ कडेवर घेऊन दर मुहूर्ताला फोन करत बसण्यापेक्षा लग्नसराईतल्या एका रात्री तिथे चक्कर मारून यावी, असं मला वाटतं.

आता आतल्या आवाजाचं. वरच्यांनी खुर्ची सरकवली की खाली ऐकू येतं, त्यात दर वेळी त्यांचा दोष नसतो. स्लॅबवर थेट टाइल्स बसवलेल्या असतात, मध्ये आवाज अडवणारा थर नसतो, त्यामुळे पावलं, पडलेलं भांडं, खलबत्ता, सगळं काँक्रीटमधून खाली उतरतं. हल्ली भिंतींना हलके ब्लॉक वापरतात. जुन्या जाड विटेच्या भिंतीइतका बोलण्याचा आवाज ते अडवत नाहीत. म्हणून तुझ्या बेडरूमची कुठली भिंत शेजारच्या घराला लागून आहे आणि कुठली लिफ्टला, ते बघ. आणि एक प्रश्न नक्की विचार: वरच्या घरात काही फेरफार केलेत का? एरवी एकावर एक घरं सारखीच असतात, बेडरूमवर बेडरूम येते. पण लोक दोन फ्लॅट जोडतात, स्वयंपाकघर हलवतात, जास्तीचं न्हाणीघर काढतात. मग तुझ्या उशीच्या वर कोणाचा तरी सिंक येतो. त्यातून पुढे आवाजाचा त्रास होतो आणि गळतीचाही.

गळतीवरून जितकी शेजारपणं तुटलेली मी पाहिलीत, तितकी दुसऱ्या कशावरून नाही. संडास-बाथरूमचं छत बघ, बाथरूमच्या मागची बेडरूमची भिंत हाताने चाचपून बघ. सगळं घर जुन्या रंगाचं आणि एकाच कोपऱ्यात ताजा रंग असेल, तर मालकाला स्पष्ट विचार. जमलं तर पावसाळ्यात जाऊन बघ. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे गच्चीतून किंवा बाहेरच्या भिंतीतून होणारी गळती सोसायटीने दुरुस्त करायची, आणि घरातल्या संडास-सिंकमुळे होणारी त्या सभासदाने स्वतःच्या खर्चाने. कागदावर एवढं सरळ आहे. पण वरचा माणूस प्लंबरला दारच उघडत नाही, तेव्हा कमिटी काय करते, ते तुला आधी कळायला हवं.

ते कळायची जागा म्हणजे वार्षिक सर्वसाधारण सभेचं इतिवृत्त. ही सभा आर्थिक वर्ष संपल्यावर सहा महिन्यांत, म्हणजे 30 सप्टेंबरपर्यंत व्हावी लागते. इतिवृत्त बघायचा हक्क सभासदाला असतो. तू अजून सभासद नाहीस, म्हणून मालकांनाच मागायला सांग: गेल्या तीन वर्षांची तरी. एका वर्षी गळतीची तक्रार आणि पुढच्या वर्षी दुरुस्तीचा खर्च दिसला, तर लोक भांडतात पण काम करतात, बिनधास्त जा. तिन्ही वर्षी तीच तक्रार, तेच फ्लॅट नंबर आणि "पुढील सभेत विचार करू" असं दिसलं, तर घर कितीही सुंदर असो, मला ते तुझ्यासाठी नको वाटेल. मालक इतिवृत्त द्यायला टाळाटाळ करू लागले तर त्यावरूनही काय समजायचं ते समज.

पार्किंगचंही तसंच. मालक "आपलीच जागा" म्हणाले, तरी सोसायटीचं वाटपपत्र माग आणि रात्री जाऊन त्या जागेवर कोणाची गाडी उभी आहे ते बघ. उघड्यावरची जागा बिल्डरने कोणाला विकली असेल, तर त्या विक्रीला अर्थ नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्येच तसं सांगितलंय.

माणसांशी बोलायला लाजू नकोस. वॉचमन, इस्त्रीवाले, कामाला येणाऱ्या मावशी यांना त्या इमारतीचं सगळं ठाऊक असतं. खोदून विचारू नकोस. पाणी किती वेळ येतं, इथपासून सुरुवात कर, बाकीचं आपोआप बोलण्यात येतं. वरच्या आणि खालच्या घराची बेल वाजव. "आम्ही मधला फ्लॅट घ्यायचा विचार करतोय" एवढंच म्हण. चांगली माणसं दोन मिनिटं थांबून बोलतात.

फक्त "इथे कुठले लोक राहतात?" असं विचारू नकोस. हे मी कळकळीने सांगतेय. जात, खाणंपिणं, बॅचलर आहेत की कुटुंबवाले, यावरून शेजार चांगला ठरत नाही. नोकरी करणाऱ्या मुलींचा फ्लॅट शेजारी असतो आणि वर्षभर चाहूल लागत नाही, तर भरल्या घरातले प्रतिष्ठित आजोबा पहाटे साडेचारला रेडिओ मोठ्याने लावतात. जी सोसायटी भाडेकरू मुलींशी नीट बोलत नाही, ती उद्या तुझ्याशीही तशीच बोलेल. सेक्रेटरींना भेटशील तेव्हा त्यांची बोलण्याची पद्धत बघ. प्रश्न तू विचारल्यावर उत्तर तुला देतात की जावईबापूंकडे बघून, हेही बघ.

आणि दुपारी पोरं खाली खेळणार, सकाळी सातला मिक्सर लागणार, तुझं बाळही रात्री रडणार. हे सगळं धरून चालायचं. त्यावरून कोणाच्या दारात जायचं नाही.

घर घेतलंस की फर्निचरचं काम निघेल, तेव्हा पहिला त्रास तुझाच होणार आहे शेजाऱ्यांना. काम सुरू व्हायच्या आधी वर-खाली आणि शेजारी स्वतः जाऊन सांग. किती दिवस चालणार ते सांग, दुपारी दोन ते चार ड्रिल बंद ठेवायला सुतारांना बजाव, कोणाच्या घरी परीक्षा किंवा आजारपण आहे का ते विचार आणि आपला नंबर देऊन ये. मलबा पॅसेजमध्ये एक रात्रही पडू देऊ नकोस.

मालकांना आजच फोन कर आणि इतिवृत्त माग. शनिवारी रात्री मी येते तुझ्याबरोबर, बाळाला आईकडे ठेवू.