शाळेचा कॅमकॉर्डर बंद पडला; नवा कसा निवडावा?



आपल्या शाळेचा मिनीडीव्ही कॅमकॉर्डर टेप पोटात घेऊनच बंद पडला. स्नेहसंमेलने आणि सहली त्याने टिपल्या. शाळेच्या व्हिडिओ ब्लॉगसाठी बडोद्यातील वृद्ध मंडळींच्या मुलाखतीही त्याच्यावरच घेतल्या जात. रावपुरा, दांडिया बाजार, वाडी येथील जुने दिवस ही मंडळी सांगतात. त्यांच्या मराठीत गुजराती शब्द इतके सहज मिसळलेले असतात की, ती बोली पुस्तकात सापडायची नाही. सांगणारे ऐंशी-नव्वदीचे आहेत. म्हणून नव्या कॅमेऱ्याचा विचार लवकर, पण नीट समजून करायला हवा.

१. आधी जुन्याची सोय

मिनीडीव्हीची टेप फक्त ६.३५ मिलिमीटर रुंद असते. नोंद करणारी हेड एका लहान गोल ड्रमवर बसवलेली असतात आणि तो ड्रम मिनिटाला ९,००० फेरे घेतो. टेपवर उमटणारा प्रत्येक पट्टा सुमारे १० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाइतका रुंद असतो. एवढ्या बारीक कामात धुळीचा कण किंवा पावसाळ्यातील ओलही बाधते. चित्रात चौकोनी ठिपके दिसू लागले, तर बहुधा हेडची सफाई पुरते. टेप अडकून झाकणच उघडत नसेल, तर बिघाड यंत्रणेत आहे. अशा वेळी चिमट्याने टेप ओढू नये. बॅटरी काढून कॅमेरा जाणत्या कारागिराकडे द्यावा.

बाकीच्या टेपा वाचवण्यासाठी चालू स्थितीतला दुसरा मिनीडीव्ही कॅमकॉर्डर मिळवावा लागेल. अमेरिकेतील नातेवाइकांकडे तो सापडेल, पण येथे एक अडचण आहे. आपल्या टेपा पाल पद्धतीच्या आहेत आणि तिकडचे यंत्र एनटीएससी पद्धतीचे असते. त्यावर आपली टेप साधारणतः नीट दिसत नाही. म्हणून यंत्र पाल पद्धतीचेच शोधावे.

टेपवरील मजकूर संगणकात घेण्यासाठी फायरवायर जोडणी लागते. नव्या संगणकांत ती सहसा नसते, तेव्हा जुना संगणक मोडीत काढण्यापूर्वी हे काम उरकावे. एक तासाची टेप उतरवायला एक तासच लागतो आणि डिस्कवर सुमारे १३ जीबी जागा जाते. समजा ४० टेपा आहेत, तर ५२० जीबी झाले. एक टीबीची डिस्क पुरेल. मात्र डिस्क दोन घ्याव्यात व दुसरी प्रत शाळेबाहेर ठेवावी.

२. आपले काम कोणते?

दुकानात गेल्यावर विक्रेता मेगापिक्सेल आणि 'फोर-के'पासून सुरुवात करतो. आपण सुरुवात आपल्या कामापासून करावी. आपली कामे दोन आहेत. एक, घरी बसून घेतलेली मुलाखत : माणूस एक, अंतर कमी, बोलणे महत्त्वाचे. दोन, स्नेहसंमेलन : रंगमंच लांब, प्रकाश कमी-जास्त, कार्यक्रम तासभर चालणारा. या दोन कामांना लागणारे गुण वेगवेगळे आहेत.

३. मुलाखतीत आवाज पहिला

चित्र थोडे अंधुक असले तरी बघणारा चालवून घेतो. आजींचे शब्दच कळले नाहीत, तर मुलाखतीचा उपयोग काय? येथे विज्ञानाचा एक नियम कामास येतो. मोकळ्या जागी बोलणाऱ्यापासूनचे अंतर दुप्पट झाले की आवाजाची पातळी सुमारे ६ डेसिबलने घटते. माइक अर्ध्या मीटरवरून चार मीटरवर नेला, तर अंतर तीनदा दुप्पट होते, म्हणजे १८ डेसिबलची घट. डोक्यावरच्या पंख्याची घरघर मात्र तेवढीच राहते. खोलीत भिंतींवरून आवाज परततो, म्हणून घट थोडी कमी असते. पण तो घुमलेला आवाज शब्द अस्पष्ट करतो.

म्हणून कॅमेऱ्यातला माइक कितीही चांगला असला, तरी पदराला किंवा सदऱ्याला लावलेला साधा कॉलर माइक त्याहून सरस ठरतो. कॅमेऱ्याला बाहेरचा माइक जोडण्याचे भोक आहे का आणि आवाज तपासण्यासाठी हेडफोन लावता येतो का, हे दोन प्रश्न पहिले विचारावेत.

४. चित्राच्या तीन गोष्टी

झूम : भिंगे सरकवून होणारा ऑप्टिकल झूमच मोजावा. डिजिटल झूम चित्राचा मधला तुकडा कापून मोठा करतो, त्यात नवा तपशील येत नाही. रंगमंच लांब असल्याने हा गुण स्नेहसंमेलनाला हवाच.

दिव्यांची लुकलुक : आपली वीज ५० हर्ट्झची आहे. जुन्या चोकच्या ट्यूबलाइटचा प्रकाश त्यामुळे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. डोळ्यांना ते जाणवत नाही, पण परदेशातून आणलेल्या ६० हर्ट्झच्या मांडणीतील कॅमेऱ्यात पट्टे फिरताना दिसतात. शटर १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवले की ते जातात. ही सोय कॅमेऱ्यात आहे ना, ते पाहावे.

चित्रीकरणाची मर्यादा : फोटोसाठी बनलेले कित्येक कॅमेरे २९ मिनिटे ५९ सेकंदांनी आपोआप थांबत. युरोपात ३० मिनिटे सलग चित्रण करणाऱ्या यंत्रावर व्हिडिओ कॅमेऱ्याचे जादा शुल्क लागत असे, ते टाळण्याची ही युक्ती होती. जुना कॅमेरा घेताना हे विचारून घ्यावे. नाहीतर नाटकाचा शेवटच हुकायचा.

५. कार्डाचे गणित

कॅमेऱ्याचा वेग मेगाबिटमध्ये सांगतात आणि कार्डाची जागा बाइटमध्ये. ८ बिट म्हणजे १ बाइट. वेग सेकंदाला २४ मेगाबिट असेल, तर २४ भागिले ८, म्हणजे ३ एमबी. एका तासाचे ३,६०० सेकंद; ३,६०० गुणिले ३, म्हणजे १०,८०० एमबी अथवा १०.८ जीबी. ६४ जीबीच्या कार्डावर पाच तासांहून अधिक चित्रण मावेल. फोर-के चित्रण १०० मेगाबिटने केले, तर तासाला ४५ जीबी लागतात आणि तेच कार्ड दीड तासाच्या आत भरते. मुलाखतीसाठी साधे एचडी पुरेसे आहे.

६. मग घ्यायचे काय?

साधे घरगुती कॅमकॉर्डर आता कंपन्या फारच थोडे काढतात, कारण ते काम मोबाइल फोनने घेतले. ही आपल्या सोयीचीच गोष्ट आहे. माझे मत असे की, कॉलर माइक आणि मजबूत ट्रायपॉड लगेच घ्यावा आणि शाळेतील एखाद्या चांगल्या फोनवर मुलाखती पुन्हा सुरू कराव्यात. माइक फोनला जोडण्याचा योग्य जोड मागून घ्यावा. चित्रीकरणाआधी फोन विमान-मोडवर ठेवावा, म्हणजे मध्येच घंटी वाजणार नाही. ऑप्टिकल झूमचा, कार्डावर नोंद करणारा कॅमकॉर्डर पुढच्या स्नेहसंमेलनापूर्वी निवांतपणे पाहून घ्यावा. तो वापरलेला असेल, तर भिंगात बॅटरीचा झोत टाकून बुरशी आहे का ते बघावे, झूम दोन्हीकडे फिरवावा आणि त्याची बॅटरी बाजारात अजून मिळते का, याची चौकशी करावी.

खरेदीपूर्वी छोटी चाचणी अवश्य घ्यावी. बडोद्याच्या कलाभवनात शिकलेले दादासाहेब फाळके १९१२ मध्ये लंडनला गेले आणि त्यांनी विल्यमसन कॅमेरा मिळवला. पण एकदम मोठ्या चित्रपटाला हात न घालता त्यांनी आधी वाटाण्याच्या रोपाची वाढ दाखवणारी लहानशी फिल्म काढली आणि ती पैसे देणाऱ्यांना दाखवली. 'राजा हरिश्चंद्र' त्यानंतर, ३ मे १९१३ रोजी प्रदर्शित झाला. विश्वस्तांपुढे मागणी ठेवताना आपणही पाच मिनिटांची एक मुलाखत सोबत न्यावी. माइक लावून आणि न लावून, दोन्ही प्रकारे ती ऐकवली की पैसे कशासाठी हवेत हे निराळे सांगावे लागणार नाही.

करून पाहा

१. पंखा चालू ठेवून एकाच व्यक्तीचे बोलणे अर्धा, एक, दोन व चार मीटरवरून फोनवर नोंदवा. कोणत्या अंतरापासून शब्द निसटू लागतात, ते लिहा.

२. ५० मेगाबिट वेगाने ९० मिनिटांच्या नाटकाला किती जीबी लागतील? ३२ जीबीचे कार्ड पुरेल का?

३. घरातील जुन्या कॅसेटा शोधा. प्रत्येकीवर काय आहे, कोणत्या वर्षीचे आहे आणि त्यात कोण बोलते, याची यादी वडीलधाऱ्यांना विचारून करा. आवाज ओळखणारी माणसे जवळ आहेत, तोवरच ही यादी पुरी होईल.