पंचायत समिती हवी कशाला?

प्रश्न : ग्रामपंचायत वाटूरला, पंचायत समिती परतूरला, जिल्हा परिषद जालन्याला. मधला टप्पा काढून का टाकत नाहीत? – एक वाचक, वाटूर

उत्तर : घटनेच्या कलम २४३-ब नुसार २० लाखांपर्यंत लोकसंख्येच्या राज्यांनाच मधला स्तर टाळता येतो. म्हणून गोव्यात तो नाही. महाराष्ट्रात १ मे १९६२ पासून आहे. चौदाव्या वित्त आयोगाने निधी थेट ग्रामपंचायतींना दिला आणि त्या काळात (२०१५-२०) समित्यांचे हात रिकामे राहिले, हे खरे. पण घरकुलाची, विहिरीची फाईल परतूरलाच हलते. समिती गेली तरी गटविकास अधिकारी लागेलच. जाईल तो त्याला जाब विचारणारा निवडून आलेला सदस्य. खर्च वाचवायला कार्यालयही हलवले, तर हेलपाटे थेट जालन्याला. म्हणून टप्पा मोडण्याआधी कोणते काम कोणाचे, हे पक्के करावे आणि त्यासोबत निधीही द्यावा.