अपार आयडी, क्रेडिट आणि मध्येच सुटलेलं कॉलेज



अपार आयडीच्या संमतीपत्रावर सही करताना पालक हमखास विचारतात, "बाई, आधार कार्ड आहे की! मग हा आणखी एक नंबर कशाला?" प्रश्न रास्त आहे. पहिली-दुसरीच्या लेकराला या बारा अंकी नंबरचा आज फारसा उपयोग नाहीच. त्याचं खरं काम बारावीनंतर सुरू होतं.

एफ.वाय. पास झालेल्या मुलीचं लग्न ठरलं किंवा वडील आजारी पडले म्हणून मुलगा कामाला लागला, की ते वर्ष पाण्यात गेलं असंच आपण धरून चालायचो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर हे बदललं. २०२१ मध्ये यूजीसीने अॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचे नियम काढले. नावात बँक असली तरी इथे पैसे नाहीत, क्रेडिट जमा होतात.

क्रेडिट म्हणजे विषयाचं वजन. थिअरीचे १५ तास म्हणजे एक क्रेडिट, प्रॅक्टिकलला त्यासाठी ३० तास लागतात. म्हणजे चार क्रेडिटचा थिअरीचा विषय ६० तासांचा. नुसतं वर्गात बसून भागत नाही, पास व्हावं लागतं. आपल्या राज्यात वर्षाला साधारण ४४ क्रेडिट आणि तीन वर्षांच्या पदवीला १३२ अशी मांडणी आहे. पहिल्या वर्षानंतर थांबायचं असेल तर चार क्रेडिटचा व्यावसायिक कोर्स किंवा इंटर्नशिप करून सर्टिफिकेट मिळतं. ही अट कुणी सांगतच नाही, मुलं तशीच निघून जातात! परत यायला तीन वर्षांची मुदत आहे आणि पदवी जास्तीत जास्त सात वर्षांत पूर्ण करायची असते.

हे खातं डिजीलॉकरमधून दिसतं. पण क्रेडिट तिथे आपोआप येत नाहीत, ते कॉलेज-विद्यापीठाने भरायचे असतात. म्हणून निकाल लागला की मुलाला खातं उघडून बघायला सांगा. आणि नाव! जनरल रजिस्टरला एक, आधारवर दुसरं असेल तर अपार तिथेच अडतो. हे काम आपल्या हातात आहे, ते प्राथमिक शाळेतच निस्तरलेलं बरं. लग्नानंतर आधारवर नाव बदललेल्या मुलींनी तर कॉलेजात नाव सांगण्याआधी सगळी कागदपत्रं शेजारी ठेवून बघावीत.

आता सगळ्यात मोठा गैरसमज. क्रेडिट खात्यात आहेत म्हणजे कुठलंही कॉलेज ते घेईलच, असं नाही. बँक फक्त नोंद ठेवते. विषय जुळतो का, हे नवीन विद्यापीठ ठरवतं. अर्थशास्त्र मुख्य विषय घेऊन शिकलेली मुलगी दुसरीकडे मराठी मुख्य विषय घेऊन गेली, तर जुने क्रेडिट असूनही काही पेपर नव्याने द्यावे लागू शकतात.

अमेरिकेत हा प्रकार जुना आहे. तिथे कम्युनिटी कॉलेजात कमी फीमध्ये दोन वर्षं शिकायचं आणि उरलेली दोन वर्षं विद्यापीठात, हा रुळलेला रस्ता आहे. तरी तिथेही क्रेडिट वाया जातातच. त्यावर कॅलिफोर्नियाने केलेला उपाय मला फार आवडला. तिथे 'असिस्ट' नावाची सरकारी वेबसाइट आहे. कुठल्या कम्युनिटी कॉलेजचा कुठला विषय राज्याच्या कुठल्या विद्यापीठात कशाच्या बदल्यात चालतो, हे त्यावर प्रवेश घेण्याआधीच बघता येतं.

आपल्याकडे हे विचारून घ्यावं लागतं, आणि तेही फी भरण्याआधी. जुन्या कॉलेजचा अभ्यासक्रम, मार्कशीट आणि क्रेडिटची प्रिंट घेऊन जा. "माझे किती क्रेडिट धरणार, कुठल्या सत्रात बसवणार आणि कुठले पेपर परत द्यायचे?" एवढं अर्जावर लिहून द्या आणि उत्तरही लेखीच मागा. खिडकीवरच्या तोंडी "होऊन जाईल" वर प्रवेश घेऊ नका.