रडारचित्रे आणि दरडींचा अभ्यास
(इयत्ता सहावी ते आठवीच्या भूगोल व विज्ञान पाठांस पूरक)

३० जुलै २०१४ रोजी सकाळी पुणे जिल्ह्याच्या आंबेगाव तालुक्यातील माळीण हे गाव डोंगर कोसळून गाडले गेले. दीडशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. गाव जागेवर नाही, हे बाहेरच्या जगास प्रथम कळले ते नित्याप्रमाणे गाडी घेऊन तेथे गेलेल्या एस. टी. चालकाकडून. पुढे २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये येथे आणि १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इरशाळवाडी येथे असाच घाला पडला. सह्याद्रीच्या उतारावरील शाळांतून मुले या वार्ता ऐकतात आणि ‘गुरुजी, आपला डोंगर पडेल का?’ असे विचारतात. ‘छे, असे काही होत नाही’ असे सांगून हा प्रश्न टाळणे शिक्षकास शोभणारे नाही. त्याचा शोध कसा घेतला जातो, हे तरी मुलांना सांगता आले पाहिजे.

वरील तिन्ही घटना जुलै महिन्यातील आहेत, हे प्रथम मुलांच्या लक्षात आणून द्यावे. याच महिन्यात सह्याद्री ढगांनी झाकलेला असतो. उपग्रहावरील साधा कॅमेरा सूर्यप्रकाशावर अवलंबून असल्यामुळे त्याला तेव्हा ढगांचे माथेच दिसतात. रडार मात्र स्वतः रेडिओलहरी सोडते व जमिनीवरून परतणाऱ्या लहरी टिपते. त्यामुळे ढग असोत वा रात्र असो, त्याचे काम चालू राहते. या लहरींच्या नोंदींवरून गणिताने जे चित्र तयार होते ते रडारचित्र. त्याला छायाचित्र म्हणू नये. त्यातील काळा-पांढरा भेद उजेडाचा नसून परतलेल्या लहरींच्या जोराचा असतो.

रडार सरळ खाली न पाहता तिरपे पाहते, ही गोष्ट फार महत्त्वाची आहे. ती समजावण्यास वर्गाची भिंत पुरे. खोलीत अंधार करून विजेरी गिलाव्यासमोर धरली तर भिंत सपाट भासते. तीच भिंतीलगत आडवी धरली की गिलाव्यातील प्रत्येक उंचवटा व चीर सावलीमुळे उठून दिसते. रडारचित्रात डोंगररांगांचे तसेच होते. मैलोगणती सरळ गेलेल्या घळी, एकाच रेषेत येणारे ओढे, तुटलेले कडे ठळक दिसू लागतात. अशा रेषांखाली पुष्कळदा खडकातील भेगा किंवा भ्रंश असतात. शिक्षकांनी नकाशात कोयना नदी दाखवावी. महाबळेश्वराहून दक्षिणेकडे वाहत आलेली ही नदी हेळवाकजवळ एकाएकी पूर्वेस वळते. नदी असे वळण का घेते, याचा विचार मुलांना करू द्यावा. उत्तर लगेच सांगण्याची घाई नसावी.

भेगांचा दरडीशी संबंध कोणता? सह्याद्रीचा काळा पाषाण लाव्हारसाच्या थरांवर थर साचून बनला. काही थरांमध्ये तांबड्या चिकण मातीचा पातळ पट्टा असतो. वरचा खडक झिजून मुरूम होतो, त्यावर माती साचते. अतिवृष्टीत पाणी भेगांतून व मुरमातून आत शिरते. खाली अभंग कातळ किंवा चिकण माती लागली की तेथेच तुंबते. तुंबलेल्या पाण्याच्या दाबाने वरच्या थराची पकड सुटते आणि उतार तीव्र असेल तर तो थर घसरतो. उतार कापून सपाटी केल्यास हा धोका वाढतो.

रडारचा दुसरा उपयोग याहून सूक्ष्म आहे. त्याच जागेची दोन वेगळ्या दिवशींची चित्रे घेऊन परतलेल्या लहरींची तुलना केली असता जमीन किती सरकली, हे सेंटिमीटरच्या हिशेबात, अनुकूल जागी त्याहूनही बारकाईने, कळते. युरोपच्या सेंटिनेल-१ उपग्रहाची लहर सुमारे ५.६ सेंटिमीटर लांबीची असून दाट झाडीत तिचा निभाव लागत नाही. ३० जुलै २०२५ रोजी, म्हणजे माळीणच्या घटनेस ११ वर्षे झाली त्याच दिवशी, श्रीहरिकोटा येथून निघालेल्या भारत-अमेरिकेच्या ‘निसार’ उपग्रहावरील एक लहर सुमारे २४ सेंटिमीटरची आहे. ती पानांतून बरीच खाली पोचते. हा उपग्रह १२ दिवसांनी पुन्हा त्याच मार्गावर येतो.

चीनच्या सिचुआन प्रांतातील झिनमो गावावर २४ जून २०१७ रोजी पहाटे कडा कोसळला. १९३३ च्या भूकंपाने तेथील खडक आधीच खिळखिळा झाल्याचे अभ्यासक मानतात. दुर्घटनेनंतर सेंटिनेलची जुनी चित्रे तपासली, तेव्हा कड्याचा माथा बराच काळ सरकत असल्याचे व अखेरच्या आठवड्यांत त्याची गती वाढल्याचे आढळले. चित्रे होती, पण ती वेळीच कोणी त्या दृष्टीने पाहिली नव्हती.

तथापि प्रत्येक डोंगर अशी आगाऊ सूचना देत नाही. मुसळधार पावसात मातीचा लोट काही क्षणांत सुटतो आणि उपग्रहाच्या दोन फेऱ्यांमध्ये सारे आटोपते. शिवाय उभ्या कड्यांची रडारच्या विरुद्ध अंगाची बाजू सावलीतच राहते. म्हणून गावकऱ्यांच्या नजरेचे काम संपलेले नाही.

शाळेजवळच्या उतारावर भेग असल्यास शिक्षकांनी एखाद्या जाणत्या ग्रामस्थासह, कोरड्या दिवशी, भेगेच्या दोन्ही बाजूंस एकेक खुंटी ठोकावी व मधले अंतर दिनांकासह नोंदवहीत लिहावे. पंधरा दिवसांनी पुन्हा मोजावे. दोन दिनांकांची तुलना करण्याचे रडारचे तत्त्व मुलांना याच आकड्यांवरून वर्गात शिकविता येईल. मुलांना मात्र भेगेपाशी नेऊ नये. पाऊस चालू असता मोजणीस कोणीही जाऊ नये. अंतर वाढलेले दिसल्यास, झाडे वा खांब कलल्यास अथवा नितळ झरा एकाएकी गढूळ झाल्यास पुढील मोजणीची वाट न पाहता त्याच दिवशी ग्रामपंचायतीस व तहसील कार्यालयास लेखी कळवावे आणि नोंदीची एक प्रत शाळेत ठेवावी.