तीनातला एक सिलिंडर रुसला तर

जुनी आल्टो घेतली, महिनाभर गुमान चालली आणि मग एका सकाळी सिग्नलला उभी असताना थरथरू लागली. आरसा हलतो, चढावर पिकअप मिळत नाही. गॅरेजच्या भाषेत गाडी ‘मिसिंग मारते’, म्हणजे एखादा सिलिंडर पेटत नाही. मारुती ८०० आणि सुरुवातीच्या आल्टोचं ७९६ सीसीचं इंजिन तीन सिलिंडरचं आहे. चारातला एक गप्प बसला तर पाव ताकद जाते, तीनातला बसला तर थेट एकतृतीयांश. त्यामुळे छोट्या गाडीत हा दोष लपत नाही. त्याचं मूळ शोधायला मात्र क्रम पाळावा लागतो. प्लग, कॉइल, इंजेक्टर असं एकामागून एक बदलत गेलं, तर गाडी कधीतरी सुधारते. पण कशानं सुधारली ते कळत नाही आणि पैसे सगळ्यांचेच जातात.

ही कृती एमपीएफआय, म्हणजे कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टर असलेल्या पेट्रोल गाडीसाठी आहे.

साहित्य: गाडीच्या मापाचा प्लग पाना, फिलर गेज, मल्टिमीटर, टॉर्च, स्वच्छ फडकं, वही-पेन.

वेळ: दोनेक तास. गाडी रात्रभर उभी असावी, इंजिन पूर्ण थंड.

१. सुरू करण्याआधी पाहा. डिपस्टिक पुसून पुन्हा बुडवा. ऑइल दोन खुणांच्या मध्ये हवं. ते दुधाळ, चहासारखं दिसलं तर त्यात पाणी गेलंय; गाडी सुरूच करू नका. नुसत्या ऑइलच्या झाकणाखाली पांढरट साय दिसली आणि डिपस्टिक स्वच्छ असली, तर घाबरू नका. पावसाळ्यात जवळच्या जवळ फिरणाऱ्या गाडीत वाफेनं असं होतं. मग रेडिएटरचं झाकण उघडून कूलंट पुरेसं आहे का पाहा. हे काम फक्त थंड इंजिनवर. तापलेल्या रेडिएटरचं उकळतं पाणी थेट अंगावर उडतं.

२. बॅटरी मोजा. चांगली, चार्ज झालेली बॅटरी गाडी बंद असताना १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. इंजिन चालू असताना १३.५ ते १४.५. याहून कमी असेल तर आधी अल्टरनेटर आणि बॅटरीचे टर्मिनल बघा. वीज कमी पडली की ठिणगीही अशक्त पडते.

३. स्टार्ट करून धूर बघा. थंडीत दिसणारी आणि मिनिटा-दोन मिनिटांत विरणारी पांढरी वाफ साधी आहे. इंजिन गरम झाल्यावरही दाट पांढरा धूर येत राहिला तर हेड गॅस्केटचा संशय घ्या. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जातंय. निळा म्हणजे ऑइल जळतंय: फक्त स्टार्टला आला तर बहुधा व्हॉल्व्ह सील, रेस दिल्यावर येत राहिला तर रिंगा.

४. इंधन बदलून पाहा. सीएनजी किट असेल तर हे विसरू नका. सीएनजी पेटवायला ठिणगी जास्त जोरकस लागते, म्हणून थकलेला प्लग किंवा वायर तिथे आधी उघडी पडते. पेट्रोलवर नीट आणि सीएनजीवर मिसिंग असेल, तर आधी प्लग, वायर, कॉइल तपासा. याउलट कायम सीएनजीवर पळवलेल्या गाडीचे पेट्रोल इंजेक्टर चिकटून बसतात. मग ती पेट्रोलवरच अडते.

५. रुसलेला सिलिंडर शोधा. गाडी पेट्रोलवर, आयडलवर ठेवा. एकेका इंजेक्टरचा कनेक्टर काही सेकंद काढून परत लावा. काढल्यावर इंजिन आणखी लडखडलं तर तो सिलिंडर काम करतोय. काही फरकच पडला नाही तर दोषी तोच. टायमिंग बेल्टच्या बाजूचा सिलिंडर एक नंबर धरून वहीत लिहा. प्लगची वायर उपटून हीच परीक्षा घेऊ नका: जबर शॉक बसतो आणि न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जातं.

६. अदलाबदल करा. इंजिन थंड होऊ द्या. दोषी सिलिंडरचा प्लग काढून बघा. फिकट तपकिरी असेल तर ठीक, कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, ओलं तेलकट म्हणजे ऑइल वर चढतंय. गॅप फिलर गेजनं मोजून पुस्तिकेशी ताडा. आता हा प्लग शेजारच्या सिलिंडरच्या प्लगशी बदला. प्लग आधी हातानं फिरवून बसवा. हेड ॲल्युमिनियमचं असतं, आटे सहज मरतात. पायरी ५ पुन्हा करा. दोष प्लगबरोबर शेजारी गेला तर प्लगच खराब. नाही गेला तर वायर किंवा कॉइल अशीच बदलून पाहा. एका वेळी एकच वस्तू हलवा.

७. हवा आणि रबर तपासा. जुन्या गाडीच्या व्हॅक्यूम पाइपांना चिरा पडतात. इंजिन चालू असताना ‘सूं’ असा आवाज येतो का ऐका. पेट्रोलचा वास आला तर तपासणी तिथेच थांबवा आणि इंधनाचे पाइप आधी बदला.

८. कॉम्प्रेशन गॅरेजमध्ये मोजून घ्या. प्लग, वायर, कॉइल निर्दोष ठरले की इंजेक्टर आणि कॉम्प्रेशन उरतं. तिन्ही सिलिंडरचे आकडे जवळपास सारखे हवेत. एक कमी भरला तर प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजायला सांगा. आकडा चढला तर रिंगा झिजल्यात, न चढला तर व्हॉल्व्हकडे बघा. शेजारचे दोन्ही कमी भरले तर त्यांच्यामधलं हेड गॅस्केट.

कधी थांबायचं: ऑइलचा लाल दिवा चालताना लागला किंवा तापमानाचा काटा लालवर गेला, तर बाजूला घेऊन इंजिन बंद करा. ‘घरापर्यंत जाईल’ म्हणणाऱ्याचं इंजिन घरी पोचतं, पण पुढे कामाचं राहत नाही. आणि आधीच्या मालकानं टायमिंग बेल्ट कधी बदलला याची नोंद नसेल तर तो बदलून टाका.

गॅरेजला जाताना वही न्या. ‘गाडी थरथरते’ म्हटलं की मेकॅनिक पहिल्यापासून सुरू करतो. ‘दोन नंबर मेला आहे, प्लग-कॉइल बदलून पाहिले, दोष हलला नाही’ म्हटलं की तो थेट कॉम्प्रेशन गेज हातात घेतो.